औद्योगिक नियंत्रणातील जुनी संदेशवहन-मॉड्यूले : उपलब्धी आणि परीक्षा

यंत्र झिजते म्हणून जुने होते, अशी सामान्य समजूत आहे. आणि लेथ, पंप किंवा बॉयलर यांच्या बाबतीत ती बहुतांशी खरीही आहे. औद्योगिक नियंत्रणव्यवस्थेतील इलेक्ट्रॉनिक घटकांचे वार्धक्य मात्र निराळ्या प्रकारचे असते. घटक स्वतः धडधाकट असतो. परंतु त्याचे उत्पादन करणारा विभाग, त्याची दुरुस्ती जाणणारा तंत्रज्ञ आणि त्याच्याशी जुळणारा संगणक ही त्याच्या भोवतालची मंडळी एकामागून एक नाहीशी होतात. अशा रीतीने एकाकी पडलेला घटक ज्या दिवशी बिघडतो, त्या दिवशी हातभर लांबीच्या एका कार्डासाठी सबंध कारखाना थांबण्याची वेळ येते.

प्रस्तुत लेखात अशा घटकांपैकी एका विशिष्ट वर्गाचा, म्हणजे संदेशवहन-मॉड्यूलांचा, विचार करावयाचा आहे. ती मिळवावयाची कोठून, आणि मिळाल्यावर ती विश्वासास पात्र आहेत हे ठरवावयाचे कसे, असे दोन प्रश्न त्यात अंतर्भूत होतात. वरवर पाहता पहिला प्रश्न कठीण व दुसरा सोपा वाटतो. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. पुरेसा पैसा आणि थोडी चिकाटी असली तर जुने मॉड्यूल कोठे ना कोठे मिळतेच. परंतु दिवा लागला म्हणजे मॉड्यूल चांगले, या समजुतीने स्वीकारलेले मॉड्यूल पुढे जो घात करते तो मॉड्यूल मुळीच नसण्यापेक्षाही वाईट असू शकतो.

१. समस्येचे स्वरूप

अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या हायड्रामॅटिक विभागाने १९६८ साली रिलेंच्या फलकांऐवजी वापरता येईल अशा नियंत्रकाची मागणी पुढे ठेवली. त्या मागणीतून 'मोडिकॉन ०८४' हा प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, म्हणजेच पीएलसी, जन्मास आला. आरंभी असे नियंत्रक एकेकटे काम करीत. पुढे एका नियंत्रकाने दुसऱ्यास व सर्वांनी मिळून नियंत्रणकक्षास माहिती पुरविण्याची आवश्यकता भासू लागली, आणि प्रत्येक उत्पादकाने आपापला मार्ग शोधला. मोडिकॉनने १९७९ साली मॉडबस हा प्रोटोकॉल, म्हणजे संदेशांच्या देवघेवीचा नियमसंच, प्रसिद्ध केला. ॲलन-ब्रॅडली कंपनीने आपल्या नियंत्रकांसाठी डेटा हायवे प्लस ही जालव्यवस्था काढली. जर्मनीत १९८७ साली सुरू झालेल्या एका सहकारी प्रकल्पातून प्रोफिबस उदयास आली.

या प्रत्येक व्यवस्थेसाठी स्वतंत्र मॉड्यूले तयार झाली. संदेशवहन-मॉड्यूल म्हणजे नियंत्रकाच्या रॅकमध्ये खोवलेले एक कार्ड होय. त्याची एक बाजू रॅकच्या पाठीमागील सामायिक वाहिनीस, म्हणजे बॅकप्लेनला, जोडलेली असते आणि दुसरी बाहेरच्या तारेस. आतील बाजूने ते नियंत्रकाच्या स्मृतीशी व्यवहार करते आणि बाहेरील बाजूने दूरच्या उपकरणांशी. तेव्हा त्याचे कार्य मूलतः दुभाष्याचे आहे. आणि दुभाष्याची परीक्षा केवळ त्याला बोलता येते किंवा नाही एवढ्यावर घेता येत नाही, हे उघड आहे.

कारखाना आणि अर्धवाहक-उद्योग यांच्या कालमानांत मोठी तफावत आहे. तेलशुद्धीकरण, सिमेंट किंवा वीजनिर्मिती यांचा प्रकल्प पंचवीस-तीस वर्षे चालावा अशा हिशेबाने उभारला जातो. त्याच्या नियंत्रकातील एखाद्या चिपचे उत्पादन मात्र काही थोड्या वर्षांतच बंद पडू शकते. ॲलन-ब्रॅडलीचा पीएलसी-५ हा नियंत्रक १९८६ साली बाजारात आला व २०१७ साली त्याचे उत्पादन थांबले. एका इलेक्ट्रॉनिक उत्पादनास हे आयुष्य दीर्घच म्हटले पाहिजे. तथापि उत्पादन थांबले म्हणून जे नियंत्रक कामावर आहेत ते थांबत नाहीत. सबंध व्यवस्था एकदम बदलावयाची तर कारखाना बंद ठेवणे, हजारो तारांची फेरजोडणी, प्रत्येक सुरक्षा-अडथळ्याची नव्याने पडताळणी आणि चालकांचे पुनःशिक्षण हे सर्व ओघानेच येते. यास्तव जुने मॉड्यूल विकत घेणे म्हणजे वस्तुतः काळ विकत घेणे होय. हा काळ खरोखरच पदरात पडला की नाही, हे परीक्षेवाचून कळत नाही.

२. 'तेच' मॉड्यूल म्हणजे काय?

खरेदीच्या कागदावर मॉड्यूलाची ओळख त्याच्या सूचिक्रमांकाने होते. तथापि त्याच क्रमांकाखाली उत्पादकाने वेळोवेळी काढलेल्या निरनिराळ्या मालिका व आवृत्त्या वावरत असतात. बाह्य आकार तोच, जोडण्या त्याच. परंतु आतील फर्मवेअर, म्हणजे मॉड्यूलाच्या स्मृतीत कायम लिहिलेली आज्ञावली, बदललेली असते. जुन्या आवृत्तीस एखादी आज्ञा ठाऊक नसते, तर नव्या आवृत्तीत एखाद्या आज्ञेला उत्तर देण्याची रीत बदललेली असते. याखेरीज मॉड्यूलावरील स्विचांची मांडणी आणि त्यात साठविलेली रचना, म्हणजे कॉन्फिगरेशन, हीदेखील त्याच्या ओळखीचाच भाग होत.

या बाबतीत अणुवीजकेंद्रांच्या क्षेत्रात रूढ झालेली एक विचारपद्धती उपयुक्त आहे. सर्वसाधारण बाजारात मिळणारी वस्तू सुरक्षिततेच्या कामी वापरावयाची असेल तर काय करावे, याविषयी अमेरिकेतील इलेक्ट्रिक पॉवर रिसर्च इन्स्टिट्यूटने १९८८ साली मार्गदर्शिका काढली. तिच्यानुसार प्रथम त्या वस्तूचे निर्णायक गुणधर्म निश्चित करावयाचे, म्हणजे तिच्यावर सोपविलेले कार्य पार पडण्यासाठी जे गुणधर्म असलेच पाहिजेत ते लिहून काढावयाचे; आणि नंतर प्रत्येक गुणधर्माची खात्री चारांपैकी एका किंवा अधिक मार्गांनी करावयाची. विशेष चाचण्या व तपासणी, पुरवठादाराच्या कार्यपद्धतीचे सर्वेक्षण, उत्पादनस्थळी प्रत्यक्ष पडताळणी, आणि वस्तूचा व पुरवठादाराचा पूर्वेतिहास, हे ते चार मार्ग होत. ज्या मॉड्यूलाचे उत्पादनच बंद पडले आहे त्याच्या बाबतीत दुसरा व तिसरा मार्ग बहुधा खुंटलेला असतो आणि पूर्वेतिहास सहसा अर्धवट असतो. उरतो तो पहिला मार्ग. म्हणजे ज्या वस्तूविषयी सर्वांत कमी माहिती आहे, तिच्याच चाचणीवर सर्वांत अधिक भार पडतो.

विसंगती लक्षात येण्याची शक्यता प्रोटोकॉलागणिक बदलते. प्रोफिबसमध्ये प्रत्येक उपकरणाच्या प्रकारास एक ओळखक्रमांक असतो. प्रधान स्थानकाने पाठविलेला क्रमांक उपकरणाच्या स्वतःच्या क्रमांकाशी जुळला नाही तर माहितीची देवघेव सुरूच होत नाही. येथे विसंगती दारातच अडते. मॉडबसमध्ये अशी सक्तीची ओळखपरेड नाही. तेथे सोळा बिटांच्या नोंदकोशांतून, म्हणजे रजिस्टरांतून, आकडे मागितले जातात; आणि बत्तीस बिटांची संख्या दोन रजिस्टरांत कोणत्या क्रमाने ठेवावी याविषयी मूळ नियमांत बंधन नाही. उदाहरणार्थ, ७०,००० ही संख्या १ आणि ४,४६४ अशा दोन रजिस्टरांत विभागली जाते. क्रम उलटा लावला तर तीच संख्या २९,२५,५२,७०५ अशी वाचली जाईल. गंमत अशी की शून्य या मूल्यावर चाचणी घेतल्यास दोन्ही क्रमांचे उत्तर सारखेच येते. बंद मापकास जोडून आणि पडद्यावर शून्य पाहून मॉड्यूल उत्तीर्ण ठरविणारा परीक्षक या ठिकाणी हमखास फसतो.

३. उपलब्धीचे मार्ग

जुन्या मॉड्यूलांचे उगम मुख्यतः चार प्रकारचे आहेत. पहिला म्हणजे उत्पादकाने उत्पादन थांबविण्यापूर्वी दिलेली अंतिम खरेदीची संधी. ही संधी साधण्यासाठी उत्पादकाच्या सूचनांवर नियमित लक्ष ठेवावे लागते. आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोगाने कालबाह्यतेच्या व्यवस्थापनासंबंधी आयईसी ६२४०२ हे मानक २००७ साली काढले व २०१९ साली त्याची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध केली. त्यातील मध्यवर्ती विचार असा की, कालबाह्यता ही अवचित येणारी आपत्ती न मानता आयुष्यक्रमातील अपेक्षित टप्पा मानावा. दुसरा उगम म्हणजे उत्पादकाची किंवा त्याच्या अधिकृत केंद्राची दुरुस्ती व अदलाबदल-सेवा. तिसरा, स्वतःच्याच कारखान्यातील मोडीत काढलेल्या विभागाची सामग्री. हा उगम सर्वांत दुर्लक्षित, परंतु बहुधा सर्वांत उत्तम; कारण त्या मॉड्यूलाचा पूर्वेतिहास, त्याचे फर्मवेअर आणि ते ज्या हवेत राहिले ती हवा या तिन्ही गोष्टी ठाऊक असतात.

चौथा उगम स्वतंत्र व्यापाऱ्यांचा, आणि त्यातच ऑनलाइन लिलाव व भंगारबाजार येतात. गुजरातेतील अलंगच्या किनाऱ्यावर जहाजे मोडली जातात आणि त्यांच्या यंत्रकक्षांतून निघालेली नियंत्रणसामग्री भावनगरच्या व्यापाऱ्यांमार्फत पुन्हा बाजारात येते. अशा मालात अन्यत्र दुर्मिळ झालेली मॉड्यूले सापडतात; परंतु ती खारट हवेत राहिलेली आणि पुष्कळदा घाईने उपटून काढलेली असू शकतात, हे ध्यानात ठेवूनच त्यांची परीक्षा योजावी लागते. या चौथ्या मार्गाचा खरा धोका बनावट मालाचा आहे. जुन्या चिपवरील मूळ अक्षरे घासून काढून, वर काळा लेप देऊन नवी अक्षरे छापणे, हा त्यातील ठरलेला प्रकार होय.

किती नग घ्यावेत, या प्रश्नाचे उत्तर सरासरीवरून काढण्याची चूक वारंवार होते. समजा, एका कारखान्यात २० मॉड्यूले कामावर आहेत, त्यांपैकी प्रत्येक बिघडण्याचे प्रमाण वर्षास शेकडा २ आहे, आणि व्यवस्था आणखी १० वर्षे चालवावयाची आहे. अपेक्षित बिघाड ४ येतात. म्हणून ४ नग घेतले, तर पॉयसाँ वितरणानुसार ते दहा वर्षे पुरण्याची संभाव्यता सुमारे ०.६३ इतकीच राहते. म्हणजे तिनांत एकाहून अधिक वेळा साठा आधीच संपेल. संभाव्यता ०.९५ च्या वर न्यावयाची तर ८ नग लागतात. या गणितात बिघाडाचे प्रमाण स्थिर धरले आहे; वय वाढेल तसे ते वाढते. शिवाय साठ्यातील प्रत्येक नग काम करणारा आहे असेही गृहीत धरले आहे. न तपासलेल्या आठ नगांना आठ मानण्याचा अधिकार गणितास नाही.

४. आवकीच्या वेळची तपासणी

मॉड्यूल हाती येताच त्याला वीजपुरवठा देण्याचा मोह आवरला पाहिजे. स्थिर-विद्युतेपासून संरक्षण करणारा मनगटपट्टा बांधून प्रथम डोळ्यांनी व भिंगाने तपासणी करावी. बॅटरीतून पाझरलेले क्षार, जोडण्यांवरील हिरवट थर, पुन्हा झाळलेले सांधे, वाकलेल्या पिना, आणि वेष्टनावरील अनुक्रमांक व कार्डावरील अनुक्रमांक यांतील फरक या गोष्टी नोंदवाव्यात. चिपवर छापलेला चार अंकी तारीखसंकेत येथे फार बोलका ठरतो. त्यात पुष्कळदा पहिले दोन अंक वर्षाचे व पुढचे दोन आठवड्याचे असतात. '९२१४' म्हणजे १९९२ सालचा चौदावा आठवडा. मॉड्यूल १९९० सालचे म्हणून विकले गेले आणि त्यावरील चिप १९९२ सालची निघाली, तर मध्यंतरी दुरुस्ती झाली आहे किंवा कोणीतरी लबाडी केली आहे. दुरुस्ती हा दोष नव्हे. दडविलेली दुरुस्ती हा दोष होय.

दीर्घकाळ पडून राहिल्याचे परिणाम कार्डाच्या प्रत्येक भागावर सारखे होत नाहीत. इलेक्ट्रोलिटिक धारित्रातील द्रव कालांतराने कमी होतो, त्यामुळे धारिता घटते व अंतर्गत रोध वाढतो. वापराविना राहिलेल्या धारित्रातील ऑक्साइडचा थर क्षीण होतो, आणि एकदम पूर्ण दाब दिल्यास ते निकामी होऊ शकते. म्हणून दाब हळूहळू वाढवून तो थर पुन्हा बांधून घ्यावा लागतो. जंबुपार किरणांनी पुसल्या जाणाऱ्या ईपीरॉम स्मृतीत फर्मवेअर असेल, तर तिच्या काचेच्या खिडकीवरील झाकपट्टी शाबूत आहे का ते पाहावे, आणि स्मृतीतील मजकूर वाचून त्याची बेरीज-तपासणी खात्रीच्या मॉड्यूलाशी ताडून पाहावी. शुद्ध कथिलाचा मुलामा असलेल्या पृष्ठभागावर केसासारखे बारीक धातुतंतू आपोआप वाढतात, हेही लक्षात ठेवले पाहिजे. अमेरिकेतील मिलस्टोन अणुवीजकेंद्राची तिसरी भट्टी १७ एप्रिल २००५ रोजी बंद पडली ती संरक्षणव्यवस्थेच्या एका कार्डावर वाढलेल्या अशाच तंतूमुळे. ते कार्ड संदेशवहनाचे नव्हते. परंतु असे तंतू वाढण्यासाठी कार्डाचे काम कोणते, हे पाहत नाहीत.

५. विद्युत् परीक्षा

पहिला वीजपुरवठा नेहमी मर्यादित प्रवाहाच्या स्रोतातून व स्वतंत्र परीक्षण-रॅकमध्ये द्यावा. कारखान्याच्या चालू रॅकमध्ये अपरिचित मॉड्यूल खोवणे म्हणजे एका रोग्यासाठी सबंध वाड्यास संसर्ग लावून घेण्यासारखे आहे. कारण बॅकप्लेन सामायिक असतो आणि एका कार्डातील शॉर्टसर्किट सर्वांचा पुरवठा खाली ओढते.

यानंतर बाहेरच्या तारेची बाजू पाहावयाची. जुन्या औद्योगिक मॉड्यूलांत आरएस-४८५ या मानकाचा, म्हणजे दोन तारांतील विद्युद्दाबाच्या फरकावर चालणाऱ्या वहनाचा, फार प्रसार आहे. या मानकानुसार प्रेषकाने ५४ ओहम भारावर किमान १.५ व्होल्टचा फरक निर्माण केला पाहिजे आणि ग्राहकास ०.२ व्होल्टचा फरकही ओळखता आला पाहिजे. या दोहोंमधील अंतर हीच तारेतील क्षय व कोलाहल यांच्यासाठी ठेवलेली शिल्लक होय. टेबलावर एक मीटर तारेने जोडलेला दुबळा प्रेषक ०.६ व्होल्ट देऊनही निर्दोष वाटतो, कारण ग्राहकाला तेवढे पुरते. तोच कारखान्यात कित्येकशे मीटर तारेवर आणि मोटारींच्या सान्निध्यात अडखळू लागतो. म्हणून संदेश पोहोचला एवढे पाहून भागत नाही. ५४ ओहमांचा भार लावून प्रत्यक्ष विद्युद्दाब ऑसिलोस्कोपवर मोजावा लागतो.

तारेचीही परीक्षा त्याच वेळी करावी, कारण पुष्कळदा दोष मॉड्यूलाच्या माथी मारला जातो आणि अपराधी तार असते. आरएस-४८५ तारेच्या दोन्ही टोकांस प्रत्येकी १२० ओहमांचा अंत्यरोधक असावयास हवा. सर्व उपकरणे बंद असताना दोन तारांमधील रोध मोजल्यास तो ६० ओहमांच्या जवळपास यावा. तो १२० च्या आसपास आला तर एक रोधक नाहीसा झाला आहे. ४० च्या आसपास आला तर कोणीतरी तिसरा जोडून ठेवला आहे. डेटा हायवे प्लसमध्ये रोधकाचे मूल्य वेगावर अवलंबून असते : सेकंदास ५७.६ किलोबिट वेगास १५० ओहम, तर २३०.४ किलोबिट वेगास ८२ ओहम. त्या तारेवरील सर्व स्थानकांचा वेग एकच असावा लागतो. तेव्हा भांडारातून आलेल्या मॉड्यूलाचा वेग व अंत्यरोधक तपासल्याखेरीज ते तारेस जोडणे अविचाराचे ठरते.

जुन्या मॉड्यूलात पूर्वीच्या मालकाचा स्थानकक्रमांक तसाच राहिलेला असतो, हा धोका तर अगदी नेहमीचा. डेटा हायवे प्लसवर ० ते ७७ असे अष्टमान पद्धतीचे ६४ क्रमांक असतात. एकाच क्रमांकाची दोन स्थानके तारेवर आली तर नव्या मॉड्यूलाबरोबर जुने, इतका वेळ बिनबोभाट काम करणारे स्थानकही गोंधळात सापडते. म्हणून जुनी रचना पुसून टाकणे आणि क्रमांक नव्याने लावणे हे काम परीक्षण-टेबलावरच उरकले पाहिजे.

६. संदेशांची व वेळेची परीक्षा

मॉडबसच्या आरटीयू प्रकारात संदेशाचा आरंभ व शेवट कोणत्याही खास चिन्हाने दाखविला जात नाही. तो शांततेने दाखविला जातो. साडेतीन अक्षरांच्या कालावधीइतकी शांतता म्हणजे संदेशाची सीमा. सेकंदास ९,६०० बिटांचा वेग आणि अक्षरास ११ बिट धरले, तर एका अक्षरास १.१४६ मिलिसेकंद लागतात, आणि ही शांतता सुमारे ४ मिलिसेकंदांची होते. उलटपक्षी, संदेशाच्या मध्येच दीड अक्षराहून, म्हणजे सुमारे १.७ मिलिसेकंदांहून, अधिक खंड पडता कामा नये. याचा अर्थ असा की, मॉडबसमध्ये वेळ हाच व्याकरणाचा भाग आहे. जुन्या मॉड्यूलाचे एखादे उत्तर अक्षरशः बरोबर असूनही खंडांच्या दृष्टीने चुकीचे असू शकते, आणि काही ग्राहक ते स्वीकारतात तर काही नाकारतात.

आजच्या परीक्षकाची अडचण अशी की, त्याच्या संगणकास सीरियल जोडणी नसते. तो यूएसबी-परिवर्तक वापरतो, आणि अनेक परिवर्तक आलेली अक्षरे काही काळ साठवून एकदम पुढे पाठवितात. परिणामी संगणकाच्या पडद्यावर दिसणारे खंड हे तारेवरील खंड नसतात. अक्षरांचा मजकूर संगणकावर वाचावा; वेळ मात्र ऑसिलोस्कोप किंवा लॉजिक विश्लेषक यांनी थेट तारेवर मोजावी. डेटा हायवे प्लससारख्या व्यवस्थेत तर अडचण याहून मोठी आहे. तिची जुनी जोडणी-कार्डे आयएसए खाचेत बसणारी असून त्यांच्या आज्ञावल्या जुन्या संगणकप्रणालींवर चालतात. तेव्हा जुने मॉड्यूल तपासणारा जुना संगणक हाही जपून ठेवण्याच्या सामग्रीतच गणला पाहिजे.

संदेशातील चूक ओळखण्यासाठी मॉडबसमध्ये सोळा बिटांचा तपासणी-संकेत असतो. सोळा बिटांपर्यंत पसरलेली सलग चूक त्याच्या हातून सुटत नाही. त्याहून पुष्कळ लांब व अस्ताव्यस्त चूक मात्र सरासरीने ६५,५३६ मध्ये एकदा सुटू शकते. म्हणून तपासणी-संकेताने पकडलेल्या चुकांची संख्या हीदेखील मोजली पाहिजे. मॉड्यूल चुका पकडून पुन्हा विचारीत राहते व वरकरणी सर्व ठीक दिसते. पण पकडलेल्या चुका जितक्या अधिक, तितकी न पकडलेली चूक जवळ आलेली असते.

चाचणी किती वेळ चालवावी? एकही चूक न होता न संदेश पार पडले, तर चुकीचे प्रमाण ३/न याहून कमी आहे असे शेकडा ९५ विश्वासाने म्हणता येते. लाखात एकापेक्षा कमी चूक सिद्ध करावयाची तर ३,००,००० निर्दोष संदेश हवेत. सेकंदास दहा संदेश धरले तर यास ८ तास २० मिनिटे लागतात. पाच मिनिटांच्या चाचणीत ३,००० संदेश होतात आणि त्यातून फक्त हजारात एकापेक्षा कमी, एवढेच निष्पन्न होते. हा हिशेब चुका परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच लागू पडतो. प्रत्यक्षात त्या उष्णतेबरोबर येतात व झुंडीने येतात. म्हणून या तासांपैकी काही तास मॉड्यूल त्याच्या अनुज्ञेय कमाल तापमानात ठेवून घ्यावेत. थंड खोलीत उत्तीर्ण झालेले मॉड्यूल भर उन्हाळ्यात बंद कपाटाच्या आत काय करील, हे त्यावाचून कळणार नाही.

७. बिघाडाची परीक्षा

येथवरच्या सर्व चाचण्या मॉड्यूल नीट काम करते का, हे पाहणाऱ्या आहेत. तितकाच महत्त्वाचा, परंतु क्वचितच विचारला जाणारा प्रश्न असा की, भोवतालची परिस्थिती बिघडली असता ते काय करते?

अमेरिकेतील अलाबामा राज्यात असलेल्या ब्राउन्स फेरी अणुवीजकेंद्रात १९ ऑगस्ट २००६ रोजी तिसऱ्या भट्टीचे दोन्ही पुनरभिसरण-पंप एकाएकी थांबले आणि चालकांना भट्टी हाताने बंद करावी लागली. पंपांचा वेग ठरविणाऱ्या उपकरणांचे नियंत्रक प्रतिसाद देईनासे झाले होते. ते ज्या संगणकजालास जोडलेले होते, त्यावरील अतिरिक्त रहदारी हे कारण निष्पन्न झाले. त्याच सुमारास दुसऱ्या एका यंत्रणेचा पीएलसीही निकामी झाला होता. परंतु रहदारीचा उगम तोच होता की तोही तिचाच बळी होता, याचा निर्णायक उलगडा झाला नाही. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने २००७ साली या घटनेविषयी सर्व केंद्रांस माहितीपत्रक धाडले. या घटनेतील नियंत्रक एकेकटे तपासले असते तर त्यांत खोट आढळली नसती. त्यांची परीक्षा शांत जालावर नव्हे, गजबजलेल्या जालावर व्हावयास हवी होती.

जुन्या संदेशवहन-मॉड्यूलांच्या बाबतीत या परीक्षेचे तीन भाग पडतात. पहिला, अतिभार : मॉड्यूलाने उत्तर द्यावयाच्या संदेशांबरोबर त्याच्यासाठी नसलेले, अपुरे व मोडके संदेशही तारेवर सोडावेत आणि ते थकते का, अडकते का, की पुन्हा सावरते, हे पाहावे. दुसरा, पुरवठाखंड : वीज क्षणभर जाऊन परत आल्यावर मॉड्यूल आपली रचना न विसरता स्वतःहून उभे राहते का, ते पाहावे. बॅटरी संपलेल्या मॉड्यूलाचे खरे स्वरूप येथेच उघडे पडते. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, तारखंड : चालू असताना तार काढून घ्यावी व नियंत्रकाच्या स्मृतीतील आकडा पाहावा. काही मॉड्यूले अशा वेळी आकडा शून्य करतात. काही दोषदर्शक बिट उभारतात. आणि काही शेवटचा आकडा तसाच धरून ठेवतात. तिसऱ्या प्रकारात टाकीतील पातळी वाढत असताना पडद्यावर दहा मिनिटांपूर्वीचा आकडा स्थिर व निर्धास्त दिसत राहतो. जे मॉड्यूल काढले ते शून्य करणारे होते आणि जे बसविले ते धरून ठेवणारे निघाले, तर एकही तार न बदलता कारखान्याचे संरक्षण बदललेले असते. मुके मॉड्यूल ताबडतोब लक्षात येते. शिळे बोलणारे येत नाही.

८. नोंद

परीक्षेचे फलित कागदावर राहिले नाही, तर ती परीक्षा झाली नाही असेच समजावे. प्रत्येक मॉड्यूलाबरोबर त्याचा उगम, मालिका व आवृत्ती, फर्मवेअरची बेरीज-तपासणी, स्विचांच्या मांडणीचे छायाचित्र, मोजलेले विद्युद्दाब व वेळा, निर्दोष संदेशांची संख्या, तापमान, आणि तार काढली असता त्याने केलेले वर्तन यांची नोंद राहिली पाहिजे. कार्यरत रचनेची प्रत दोन ठिकाणी ठेवावी, आणि ती उघडू शकणारी आज्ञावली व संगणकही त्यासोबत ठेवावा. साठ्यातील मॉड्यूलांची परीक्षा ठराविक मुदतीने पुन्हा घ्यावी. कारण धारित्रे व बॅटऱ्या कपाटातही वयस्क होत असतात. बाजारात परिवर्तक-उपकरणे मिळतात व ती जुन्या मॉड्यूलाची जागा घेऊ शकतात. परंतु तीही वेळेत भर घालतात आणि बिघाडाची नवी जागा निर्माण करतात. तेव्हा वरील प्रत्येक परीक्षा त्यांनाही तितकीच लागू आहे.

सारांश, जुन्या संदेशवहन-मॉड्यूलाची परीक्षा ही एका कार्डाची परीक्षा नसून एका नात्याची परीक्षा असते. एका बाजूस नियंत्रक, दुसऱ्या बाजूस तार व तिच्यावरील उपकरणे, आणि मध्ये दुभाषा. तो दोघांच्याही भाषेत, योग्य वेळी, योग्य अर्थाने बोलतो का, आणि बोलणे अशक्य झाले असता तसे प्रामाणिकपणे कळवितो का, एवढेच अखेर पाहावयाचे असते. ज्या भांडारातील मॉड्यूलांवर या प्रश्नांची लेखी उत्तरे बांधलेली आहेत, तेथील साठा हा खरा साठा होय. इतरत्र आहे ती केवळ मोजदाद. आणि ती फसवी होती, हे नेमके कारखाना थांबलेला असताना ध्यानात येते.